आजोबांची चाल



धान कापून घरात आले, की बालाघाट जिल्ह्यातील किरनापूरकडील घरांतून पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. अशाच एका घरी परवा जाण्याचा योग आला. थोरल्या मुलीच्या विवाहाचे, सुमारे तीस वर्षांपूर्वी टेपवर घेतलेले चित्रण मुलाने नुकतेच पेन ड्राइव्हवर उतरवून आणले होते. रात्री जेवणे आटोपल्यावर सारी मंडळी टीव्हीसमोर बसली. कैलासवासी आजोबा मंडपात उभे होते, तोवर त्यांचा चेहरा स्वच्छ दिसला. पण पाहुण्यांना सामोरे जाण्यासाठी ते चालू लागताच अंगाच्या कडांना कंगव्याचे दाते फुटावेत तशा आडव्या रेघा उमटल्या आणि सारे रूप पुसट झाले. आजीबाई हळूच म्हणाल्या, "चेहरा तर फोटोतही आहे रे बाबा, मला त्यांची चाल पाहायची होती."

संच जुना झाला, नवा घ्या, असा सल्ला कोणी दिला होता व मुलगा हप्त्यांचा हिशेब मांडीत होता. वास्तविक दोष संचाच्या वयाचा नव्हता.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी आपल्याकडे रूढ असलेल्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे दाखवीत व प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत विभागीत. आधी विषम ओळी, मग १/५० सेकंदाने सम ओळी. टेपवरील चित्रणही याच रीतीचे असे. जुन्या काचेच्या नळीवर हे अर्धे भाग एकामागून एक उमटत, म्हणून डोळ्यांस काही खटकत नसे. आजचा सपाट पडदा मात्र सर्व ओळी एकदमच दाखवितो. त्या अवधीत माणूस पुढे सरकलेला असल्याने दोन क्षणांची दोन रूपे एकमेकांत गुंततात. ती नीट जुळविण्याचे काम वाहिन्यांच्या कार्यक्रमांसाठी संच आपोआप करतो. पेन ड्राइव्हवरील फाइलसाठी काही संच ते करीत नाहीत.

तेव्हा पैसे खर्चण्यापूर्वी पुढील परीक्षा करावी. चित्र हलत असतानाच ते थांबवावे. कडांना दाते दिसल्यास दोष वरील प्रकारचा समजावा. दाते नसून थांबलेले चित्रच फासल्यासारखे असेल, तर तो दोष मूळ चित्रणाचा किंवा फाइल फार दाबून लहान केल्याचा होय. त्यावर संच बदलूनही उपाय नाही. थांबल्यावर चित्र स्वच्छ, पण चालू होताच पुसट, असे असेल तर संचाच्या चित्रविषयक सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करून पाहावी. ही सोय दोन चित्रांच्या मध्ये स्वतः रचलेली चित्रे घालते आणि वेगवान हालचालीत चुकते. चित्र पुसट न होता अडखळत असेल, तर पेन ड्राइव्ह मंद असण्याचा संभव आहे; दुसरा लावून पाहावा. थोडासा पुसटपणा मात्र सपाट पडद्याच्या स्वभावातच असतो, तो सोसावा.

दात्यांच्या दोषावर उपाय साधा आहे. हँडब्रेकसारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीत गुंतलेल्या ओळी सोडविण्याची सोय असते. तीत सेकंदाला ५० चित्रे ठेवून नवी फाइल करावी, म्हणजे हालचालीचा ओघ टिकतो. मूळ फाइल व टेप मात्र कदापि पुसू नये. एक प्रत वेगळी ठेवावी.

त्या घरी भाच्याने रात्रीतून हे काम केले. सकाळी आजोबा मंडपातून, उजवा खांदा किंचित झुकवून, सावकाश चालत आले. आजीबाईंनी ते तीनदा पाहिले. हप्त्यांचा कागद मुलाने घडी करून चुलीत टाकला.