व्हॉल्व्ह नवा, प्रश्न अकरा मिलिमीटरचा

आमच्या ग्रुपमध्ये सध्या नवा ट्रेंड आहे. पूर्वी शनिवारी भेटलो की विषय एकच, अप्रेझल. आता आई-बाबांचे रिपोर्ट्स! कुणाच्या बाबांचा गुडघा, कुणाच्या आईची शुगर. आमच्याकडे मावशीचा एऑर्टिक व्हॉल्व्ह. वय ७८, एक जिना चढली की धाप, आणि वर ‘मला काही झालेलं नाही’ हा हेका.

डॉक्टर म्हणाले, टावी करू. म्हणजे छाती न उघडता, मांडीच्या धमनीतून कॅथेटर नेऊन नवा व्हॉल्व्ह बसवायचा. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी हे जगात पहिल्यांदा केलं. छोटीशी जखम, काही दिवसांत घरी. आम्ही खूश! मग डॉक्टरांनी कागद ओढला आणि चित्र काढलं.

ओपन सर्जरीत जुना व्हॉल्व्ह कापून काढतात. टावीत तो आतच राहतो. नवा व्हॉल्व्ह मधोमध फुलतो आणि जुन्या, कॅल्शियमने कडक झालेल्या पाकळ्या भिंतीकडे ढकलल्या जातात. त्याच भिंतीत, जरा वर, खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन कोरोनरी धमन्यांची तोंडं असतात. पाकळी तिथे जाऊन टेकली, की पुरवठा बंद! शंभरात एकापेक्षाही कमी जणांना हे होतं. पण झालं तर मिनिटांचा खेळ, आणि सगळे वाचत नाहीत. बायकांमध्ये धोका जास्त, कारण ही तोंडं बऱ्याचदा खाली असतात आणि जागाही अरुंद.

म्हणून आधीचा सीटी स्कॅन ही निव्वळ फॉर्मॅलिटी नाही, बरं का. व्हॉल्व्हच्या कड्यापासून धमनीचं तोंड बारा मिलिमीटरपेक्षा कमी उंचीवर असेल तर डॉक्टर सावध होतात. मावशीचं डावीकडचं निघालं अकरा. ‘त्या धमनीत आधीच वायर आणि स्टेंट तयार ठेवू,’ डॉक्टर म्हणाले. काही पेशंट्समध्ये तर विद्युतप्रवाह सोडलेल्या बारीक तारेने जुनी पाकळीच उभी चिरतात, म्हणजे रक्ताला वाट राहते. ऐकूनच माझा घसा कोरडा पडला. मावशीने मात्र शांतपणे चहा मागितला.

दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पुढे कधी अँजिओप्लास्टी लागली तर? काही व्हॉल्व्हची जाळी उंच असते, कोरोनरीच्या तोंडाच्याही वर जाते. मग कॅथेटर त्या जाळीच्या खिडकीतून न्यावा लागतो, आणि कधीकधी ते जमतच नाही. ७८ व्या वर्षी हा हिशेब वेगळा. पण तुमचे बाबा ६५ चे असतील, तर पुढे ब्लॉकेज होऊ शकतं, दुसरा व्हॉल्व्हही लागू शकतो. तेव्हा कोणता व्हॉल्व्ह, का, आणि कोरोनरीपर्यंत नंतर पोहोचता येईल ना, हे आत्ताच विचारा. लाजू नका. मोबाइल घेताना आपण दुकानदाराचं डोकं खातोच की!

मावशीची वायर घातली, स्टेंट लागला नाही. जिना चढते आता. व्हॉल्व्हचं नाव आणि साइज लिहिलेलं कार्ड हॉस्पिटलने दिलंय. त्याचा फोटो आम्हा सगळ्या भावंडांच्या मोबाइलमध्ये आहे. रात्री-अपरात्री छातीत दुखलं, तर कॅथलॅबमध्ये पहिल्यांदा तेच विचारतील.