आसरा दिला, पण उपजीविकेचे काय?

नाझी जर्मनीने १९३३ साली संगीत व्यावसायिकांची एक सरकारी संस्था काढली. तिचे सदस्यत्व नसेल तर संगीतावर पोट भरता येत नव्हते, आणि ज्यूंना तिच्यातून वगळण्यात आले. जन्मावरून धंदाबंदी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

जीव वाचवून अनेक कलावंत ब्रिटनला पोहोचले. तेथे प्रवेश मिळे तो बहुधा एका अटीवर : पगारी वा बिनपगारी काम करायचे नाही. त्यांना कामाची परवानगी मिळू नये म्हणून गृहखात्याकडे तगादा लावणारी संघटना कोणाची होती? संगीतकारांचीच! ‘इन्कॉर्पोरेटेड सोसायटी ऑफ म्युझिशियन्स’ तिचे नाव.

इंग्रज वादकांची भीती अगदीच खोटी नव्हती. बोलपटांमुळे चित्रपटगृहांतील हजारो वादक बेकार झाले होते. पण त्यांची भाकरी यंत्राने हिरावली होती, निर्वासितांनी नव्हे. निर्वासितांना सभासद करून समान दर मागणे, हे संघटनेचे काम होते. तिने दारावर पहारा दिला.

हान्स गाल यांना १९३३ मध्ये माइन्झच्या संगीत विद्यालयाच्या संचालकपदावरून काढले गेले. १९३८ मध्ये ते ब्रिटनला आले. १९४० मध्ये ब्रिटनने त्यांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून छावणीत डांबले. त्याच गाल यांनी पुढे १९४७ च्या एडिंबरा महोत्सवाच्या उभारणीत हातभार लावला.

जगू द्यायचे, पण कमवू द्यायचे नाही, हा न्याय नव्हे. आपल्यापुरते दार लावून घेणारी संघटना संघटना राहत नाही. ती जात बनते.