कारागृहाचे वीजबिल

ज्या घरात दिवा लावणारा एक आणि वीजबिल भरणारा दुसरा असतो, त्या घरात दिवे भरदिवसाही जळत राहतात. दुकान, गोदाम, कारखाना सांभाळणाऱ्या आपल्या वाचकांस हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पाण्याचा पंप स्वतःच्या मीटरवर असेल तर टाकी सहसा भरून वाहत नाही. तोच सोसायटीच्या सामायिक मीटरवर असेल तर ती रोज वाहते. या दोषाचे सर्वांत शुद्ध स्वरूप कारागृहात पाहावयास मिळते. तेथे नळ सोडणाऱ्या बंदिवानास बिलाशी कर्तव्य नाही, पहाऱ्यावरील शिपायास नाही, आणि ज्या अधीक्षकाच्या नावे बिल येते त्याने काटकसर केलीच तर पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकातील तरतूद तेवढी कमी होण्याचा संभव अधिक. बचत करणाऱ्यास शिक्षा आणि उधळणाऱ्यास अभय, अशी ही व्यवस्था. सरकारी खात्यांची खतावणी ज्याने पाहिली आहे त्यास यात आश्चर्य वाटणार नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नाला हात घातला, त्याचा वृत्तांत मला उद्बोधक वाटला. वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे त्या राज्यात स्थायिक आहेत. परंतु तेथील कारागृहांकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नाही. तेथे २००६ च्या सुमारास राज्याच्या कारागृहांत सुमारे १ लाख ७३ हजार माणसे होती. कारागृह म्हणजे कधीही सुट्टी नसलेले गाव. दिवे रात्रीही पूर्णपणे मालवता येत नाहीत, हजारोंचा स्वयंपाक आणि धुलाई रोज करावीच लागते, आवाराभोवती गस्तीची वाहने फिरत राहतात, आणि बंदिवानास न्यायालयात अथवा रुग्णालयात न्यावयाचे तर वाहन व सोबत पहारेकरी आले. फॉल्समसारखी कारागृहे १८८० पासून चालू आहेत. अशा जुन्या आवारांत जमिनीखालील नळ कोठे गळतात हे शोधणे हेच एक स्वतंत्र काम.

२०१२ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी सर्व राज्यखात्यांसाठी आदेश काढला. २००३ च्या तुलनेत २०१८ पर्यंत बाहेरून विकत घ्यावयाची वीज किमान २० टक्क्यांनी घटवावी आणि २०१० च्या तुलनेत पाण्याचा एकूण वापर २०१५ पर्यंत १० टक्के व २०२० पर्यंत २० टक्के कमी करावा, असे लक्ष्य ठरले. त्यानंतर दुष्काळ इतका तीव्र झाला की १ एप्रिल २०१५ रोजी, ज्या सिएरा पर्वतात त्या दिवसांत हिमाचे थर असावयाचे तेथे कोरड्या गवतावर उभे राहून, ब्राऊन यांनी राज्यभरातील नागरी पाणीवापरात २५ टक्के कपात जाहीर केली.

विजेच्या बाबतीत कॅलिफोर्नियाने अवलंबिलेला मार्ग बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसास विशेष आवडावा असा आहे. ब्लाइथ या वाळवंटी गावानजीकच्या चकवाला व्हॅली कारागृहात २००६ साली सुमारे १ मेगावॅट क्षमतेचे सौरकेंद्र उभे राहिले; शेजारच्या आयर्नवूड कारागृहात काही वर्षांनी तसेच झाले. राज्याने त्यासाठी भांडवल गुंतविले नाही. जागा सरकारची, यंत्रसामग्री व जोखीम खाजगी कंपनीची, आणि कारागृहाने ठरलेल्या दराने दीर्घ मुदतीपर्यंत वीज घ्यावयाची, असा हा करार. दिवे, बॉयलर, पंप बदलण्याच्या कामांतही अशीच एक रीत अमेरिकेत रुळली आहे : कंपनी आधी पाहणी करते, स्वखर्चाने अथवा कर्जाने सुधारणा करते, बचतीची हमी देते, आणि त्या बचतीतूनच हप्ते फेडले जातात. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने येथे तारण कोणते, तर पुढे न येणारे बिल! असे तारण कोणत्याही तिजोरीत ठेवता येत नाही; म्हणून आरंभीच्या वर्षाचा वापर, म्हणजे तुलनेचा पाया, प्रामाणिकपणे मोजला गेला पाहिजे. पाया फुगवून दाखविला तर बचत कागदावर आपोआप होते. या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

पाण्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. कोठडीतील शौचकूपास तेथे अशी झडप बसविण्यात आली की ठरावीक वेळात ठरावीक वेळाच पाणी सुटेल. त्याहून अधिक वेळा कळ दाबली तर ती काही काळ बंद राहील. कारण उघड होते. कधी निषेध म्हणून, कधी बंदी असलेली वस्तू नाहीशी करण्यासाठी बंदिवान पाणी पुनःपुन्हा सोडत आणि कोठड्या तुंबवीत. परंतु दुसरेही एक कारण होते. दोन माणसांच्या लहानशा कोठडीत उघड्यावरच शौचकूप असतो. अशा ठिकाणी सोबत्यास दुर्गंधीचा त्रास होऊ नये म्हणून मध्येच एकदोनदा पाणी सोडणे हा तेथील शिष्टाचार आहे. झडपेस उपद्रव आणि शिष्टाचार यांतील भेद कळत नाही.

येथे आपल्या परंपरेतील एक संज्ञा आठवते. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण हे एक गुणव्रत आहे. त्यातील ‘दंड’ म्हणजे शिक्षा नव्हे. मन-वचन-कायेने दुसऱ्या जीवास पोहोचणारी पीडा असा त्याचा अर्थ. प्रयोजन नसताना पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, भूमी खणणे हे प्रमादाचरण होय, असे आपण ऐकत आलो आहोत. जलकायिक व अग्निकायिक जीवांचा विचार करणाऱ्या समाजास वाहता नळ केवळ आर्थिक हानी वाटत नाही. तेव्हा गळके नळ, दिवसा जळणारे दिवे, रिकाम्या खोलीतील उष्णता हा सरळ सरळ अनर्थदंड. तो थांबविण्यास कोणाची हरकत असावी? परंतु ज्या माणसाच्या हातात स्वतःचे दारही नाही, त्याच्या स्नानाच्या पाण्यात कपात करणे हे त्याच मापाने मोजता येईल का? आयंबील वा एकासन करणारा स्वेच्छेने सोडतो म्हणून ते तप. दुसऱ्याच्या ताटातून काढून घेतलेल्या घासास कोणी तप म्हणत नाही. दुष्काळात कॅलिफोर्नियाच्या कारागृहांत स्नानावर निर्बंध आले, ते सर्वच अनावश्यक होते असे माझे म्हणणे नाही. बाहेरचे नागरिकही त्या वर्षी आपल्या हिरवळी वाळू देत होते. फरक इतकाच की बाहेरच्या नागरिकास हिरवळ होती.

वाळवंटातील कारागृहांत आणखी एक पेच आहे. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. बहुतेक बराकींत आपल्याकडील डेझर्ट कूलरच्या तत्त्वावरील शीतकरण आहे. त्यास वीज कमी लागते पण पाणी लागते. वातानुकूलन बसविले तर पाणी वाचते आणि वीज वाढते. दोन्ही टाळले तर मीटर शांत राहतात आणि माणसे आजारी पडतात. त्या आजाराचा खर्च वेगळ्या खात्यात पडतो, एवढेच.

काटकसरीची किंमत कोण मोजतो हे न पाहिल्यास काय होते, याचे एक उदाहरण आपल्या वाचकांस विशेष लागेल. १९९३ साली कॅलिपॅट्रिया येथील कारागृहाभोवती प्राणघातक विद्युत्प्रवाहाचे कुंपण उभारण्यात आले. मनोऱ्यांवरील पहारेकऱ्यांचे वेतन वाचावे हा हेतू. सॉल्टन सरोवर जवळच, स्थलांतरित पक्ष्यांचा मार्ग तेथूनच. पक्षी त्या तारांवर मरू लागले. बभ्रा झाल्यावर तारांभोवती जाळी बसविली गेली. जाळीचा खर्च मूळ हिशेबात अर्थातच नव्हता.

उत्तरेकडील वॉशिंग्टन राज्याने धरलेली वाट मला अधिक पटते. सीडर क्रीक हे तेथील अरण्यातील लहान कारागृह. नलिनी नाडकर्णी या वृक्षशिखरांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ (वडील भारतातून गेलेले, आडनावावरून वाचकांस ओळख पटेलच) एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात शिकवीत होत्या. पुष्पसजावटीच्या व्यापारासाठी जुन्या अरण्यांतील शेवाळ ओरबाडले जाते. ते पुन्हा वाढावयास फार वर्षे लागतात. शेवाळ वाढविण्याची रीत शोधण्यासाठी त्यांना वेळ आणि धीर असलेले हात हवे होते. ते कारागृहात मिळाले. त्यातून राज्याच्या कारागृह विभागाचा आणि महाविद्यालयाचा संयुक्त उपक्रम वाढला : स्वयंपाकघरातील उरलेल्या अन्नाचे खत, भाजीपाल्याची बाग, मधमाश्या, पावसाचे पाणी साठविणे, पुढे दुर्मीळ बेडकांचे संगोपनही. येथे पाणी व अन्न वाचविणे हे बंदिवानाचे काम झाले, त्याच्यावर लादलेली झडप नव्हे. खताच्या ढिगाचे तापमान टिपून ठेवणाऱ्या माणसास कचरा किती निघतो हे कोणी सांगावे लागत नाही. या उपक्रमाने सारी कारागृहे सुधारली असे कोणी समजू नये. त्यात भाग घेणारे एकूण बंदिवानांच्या मानाने थोडेच. पण मीटर आणि माणूस यांची गाठ त्यांनी प्रथम घातली.

आता तुलनेच्या पायाकडे येतो. कॅलिफोर्नियाच्या पाण्यासाठी आधारवर्ष २०१० ठरले. त्या वर्षी त्या राज्याचे १ लाख ६० हजारांहून अधिक बंदिवान होते; थोडे इतर राज्यांत ठेवलेले. गर्दी एवढी की क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसे कोंबलेली. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय देऊन ही संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश कायम केला. कारण होते वैद्यकीय सेवेची दुरवस्था. पाणी अथवा वीज यांचा त्या खटल्यात प्रश्नच नव्हता. २०२० च्या आरंभी संख्या १ लाख २५ हजारांच्या आत आली होती. म्हणजे पाण्याचे लक्ष्य २० टक्के आणि माणसांतील घट त्याहून अधिक! ताळेबंद तपासणारा येथे पेन्सिल थांबवील. झडपा, पंप, नवे नळ यांनी काही वाचले नाही असे नव्हे. बाग, बॉयलर आणि गळती माणसांच्या संख्येनुसार घटत नाहीत. तरीही या अहवालांत दरडोई आकडा एकूण आकड्याशेजारी छापल्यावाचून श्रेय कोणाचे हे ठरविता येणार नाही. आणि माझे मत असे की त्या राज्यात सर्वांत मोठी जलबचत अभियंत्यांनी नव्हे, न्यायाधीशांनी केली.

आपल्या देशात हा हिशेब अधिकच टोचणारा आहे. भारतातील कारागृहांत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. खटला चालू, दोष सिद्ध झालेला नाही. त्यांतील कित्येकांस जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही. त्यांचे पाणी, त्यांची शिजविलेली आमटी, त्यांना तारखेस नेणाऱ्या गाडीचे डिझेल, हे सारे सरकार सोसते, आणि ते घरी असते तर यांतील काहीच लागले नसते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार प्रथमच आरोपी झालेल्यास, काही गंभीर अपवाद व इतर अटी वगळता, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढल्यावर जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. कारागृहाच्या छपरावर सौरपत्रे बसविण्यास देणगी देणारे ट्रस्ट मिळतात. एखाद्या गरिबाच्या जामिनाची रक्कम भरण्यास का मिळू नयेत, असे मनात येते.

चकवाला व्हॅलीचे कारागृह २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाले. माणसे कमी झाली, इमारती जुन्या झाल्या, खर्च परवडेना. ब्लाइथच्या रहिवाशांनी या निर्णयास कडाडून विरोध केला. कारागृहातील नोकऱ्यांवर तेथील घरे, दुकाने, शाळा चालत होत्या. गावात मोर्चे निघाले, राजधानीकडे अर्ज गेले. ज्या दुकानदाराचे गिऱ्हाईक पहारेकरी होते, त्याच्या वहीत ही बचत कोणत्या बाजूस लिहावयाची, हे त्याला कोणी विचारले नाही.