स्पिंकचा अजिंठा

वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याची कादंबरी रचली, असा आक्षेप अजूनही ऐकू येतो. तो मला मान्य नाही. मिशिगन विद्यापीठातल्या या अध्यापकाने पन्नासहून अधिक वर्षे एकाच डोंगराचा अभ्यास केला. सातवाहनकाळातली जुनी लेणी वगळता बाकी सारा पसारा पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, जेमतेम वीस वर्षांत उभा राहिला, हा त्यांचा सिद्धान्त.

मुख्य आक्षेप असा, की यासाठी त्यांनी दंडीच्या ‘दशकुमारचरिता’चा आधार घेतला. घेतलाच. पण त्यातल्या विश्रुताच्या कथेत वाकाटकांच्या अस्ताचा इतिहास आहे, हे त्यांच्याआधी नागपूरच्या वा. वि. मिराशींनी मांडले होते. शिवाय कथा हा स्पिंकचा एकमेव पुरावा कधीच नव्हता. दाराची फळी जिच्यात फिरते ती खोबण लेण्यागणिक कशी सुधारत गेली, हे त्यांनी तपासले. कोणते काम आधीचे आणि कोणते नंतरचे, हे त्यावरून ठरवले. पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीपाशी दिव्यांची काजळी नाही आणि हार अडकवण्याच्या आकड्यांच्या वापराने चित्रांना होणारी इजाही नाही. म्हणजे तिथे पूजा सुरू होण्याआधीच आश्रयदाता गेला. इतके बारकाईने पाहणाऱ्याला कल्पक म्हणून झटकून टाकणे हा अन्याय आहे.

उलट कल्पनाविलास जुन्या मताचाच होता. पहिल्या लेण्यात परदेशी पोशाखाची माणसे दिसली आणि स्थापत्य-इतिहासकार फर्ग्युसनने तिथे दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारातला इराणी वकील पाहिला. तेवढ्यावर ते लेणे सातव्या शतकात गेले, आणि पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवले गेले. पोशाखावरून शतक ठरत असेल, तर पाचव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांचे काय करायचे?

प्रत्येक टप्प्याला नेमके साल देण्याचा स्पिंकचा हट्ट मात्र मला पटत नाही. खोबणीवरून क्रम कळतो, साल कळत नाही. पण क्रम पक्का आहे, आणि त्यामुळे अजिंठा वेगळाच दिसू लागतो. शैलींतला फरक शतकांच्या अंतराचा उरत नाही. तो एकाच वेळी शेजारी शेजारी राबणाऱ्या वेगवेगळ्या हातांचा ठरतो. चोविसावे लेणे पुरे झाले असते, तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. त्याचे खांब अर्धवट कोरलेल्या दगडातच अडकून राहिले आहेत. काम शतकानुशतके संथपणे चालले होते असे म्हणणाऱ्यांनी आधी या खांबांचे स्पष्टीकरण द्यावे.