वाचनातही फेरपालट हवी



सुगी आटोपली, धान्य घरात आले, की घरोघर वर्षाचा हिशेब होतो. बियाणे किती, खत किती, मजुरी किती आणि हाती उरले किती. आज आपण तसाच वाचनाचा हिशेब मांडू या.

वाचनाचेही आपल्याकडे ठरून गेलेले असते. आजोबांची पोथी, पोरांची परीक्षेची पुस्तके, कर्त्या माणसाचे बाजारभाव. फार झाले तर एखादी ग्रामीण कादंबरी. यंदा आमच्या घरी ठरले, की वाचनालयाच्या ज्या कपाटाला आजवर हात लावला नाही त्यातलेच पुस्तक आणायचे. रात्री जेवणे झाली की एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. रानात आपण पिकाची फेरपालट करतो, तशीच ही. वर्षभरात मनात घर करून राहिलेली पाच पुस्तके सांगतो.

पहिले चरित्राचे. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली निघाले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकेतल्या गुलामगिरीत जन्मलेला काळा मुलगा. धडपडून शिकला आणि १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीच्या शाळेत शेती शिकवायला आला. तिथे वर्षानुवर्षे कापसामागून कापूस घेऊन जमिनीचा कस गेला होता. त्याने सांगितले, चवळी पेरा, भुईमूग पेरा, रताळी लावा. पालापाचोळा जाळू नका, कुजवा. शेंगवर्गीय पीक हवेतला नत्र जमिनीत आणते, हे त्याने गरीब शेतकऱ्याला समजेल असे करून दाखवले. १९०६ पासून तर खेचरे जुंपलेली गाडीच बांधावर जाऊ लागली, अवजारे आणि नमुने घेऊन. हे ऐकताना आमच्या थोरल्याने मध्येच विचारले, “आपल्या वरच्या तुकड्यात ऊस किती साल झाला?” त्या रात्री पुस्तक पुढे सरकले नाही, पण बोलणे झाले.

दुसरे परभाषेतले. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन बाईंच्या १९३८ सालच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद, ‘पाडस’. फ्लॉरिडाच्या जंगलात एक गरीब शेतकरी, त्याची बायको आणि बारा वर्षांचा मुलगा. मुलगा हरणाचे पिल्लू घरी आणतो, जिवापाड वाढवतो. पिल्लू मोठे होते आणि मक्याची कोवळी रोपे खाते. पुन्हा पेरतात, कुंपण उंच करतात. ते उडी मारून आत येते आणि पुन्हा खाते. मका गेला तर वर्षाचे अन्न गेले. शेवटी बाप सांगतो, याला मारले पाहिजे.

शहरातला माणूस हे वाचून हरणासाठी रडेल. आपल्या घरात दोन्ही बाजूंनी डोळे भरतात. रोही आणि रानडुकरांनी एका रात्रीत उभे पीक झोपवलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो बाप कळतो. आणि लाडका खोंड बाजारात नेताना ज्याने वेसण पोराच्या हातून सोडवून घेतली आहे, त्याला तो मुलगाही कळतो. हे पुस्तक कोणालाच दोषी ठरवत नाही, म्हणून ते आवडले.

तिसरे नाटक. नाटक पाहायचे असते, वाचायचे कशाला, असे वाटे. पण वि. वा. शिरवाडकरांचे १९७० सालचे ‘नटसम्राट’ घरात मोठ्याने वाचून पाहा. एकेकाने एकेक पात्र घ्या. अप्पासाहेब बेलवलकर हा नामांकित नट. रंगभूमीवरून निवृत्त होताना होते-नव्हते ते मुलाला आणि मुलीला वाटून टाकतो आणि नवराबायको त्यांच्या आसऱ्याला जातात. पुढे दोन्ही घरांत ती दोघे अडगळ होतात.

नट असो की शेतकरी, प्रश्न तोच. सातबारा मुलांच्या नावावर कधी करायचा? बापाने हा विषय काढला तर पोरांना अविश्वास वाटतो. पोरांनी काढला तर हाव दिसते. म्हणून कोणीच काढत नाही आणि एक दिवस सगळे भांडणातच निघते. नाटकाच्या आडून मात्र बोलता येते. “अप्पांनी काय करायला हवे होते?” एवढे विचारा, घरातला प्रत्येक जण आपल्या मनातले सांगेल.

कामाची एक गोष्ट याच ओघात. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. बक्षीसपत्राने मालमत्ता देताना, घेणाऱ्याने आपला सांभाळ करावा अशी अट असेल आणि ती त्याने पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. ही अट तोंडी न ठेवता दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. प्रेम कागदावर लिहिता येत नाही, पण भाकरी लिहिता येते.

चौथे प्रवासवर्णन, विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरावरचे कर्ज फेडायला १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने आत राहून पाहिला. मिळवलेले लुटले गेले. पण आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन तो घरी परतला. पुस्तक छापून निघाले १९०७ मध्ये. कर्जापायी परमुलखात गेलेला मुलगा ज्या घरात आहे, त्यांनी जरूर वाचावे.

पाचवे विज्ञानकथांचे, जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’. कोल्हापुरात जन्मलेले हे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ २०२५ मध्ये गेले. त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने स्पर्धेला पाठवली आणि बक्षीस मिळवले. या कथा वाचताना आमच्या घरी उलटेच झाले. धाकटी नात शिक्षक झाली आणि आजोबा विद्यार्थी. नातीचा शब्द आजोबांनी कान देऊन ऐकला, हेही थोडके नाही.

वर्षाचा नफा म्हणाल तर हा. एकही पुस्तक आपल्या गावाबद्दल नव्हते, पण प्रत्येकाने आपल्याच घरातली अडलेली गोष्ट बोलती केली. जमीन थकली आहे, वाटणीचे ठरवायचे आहे, पोरगा दूर आहे. या गोष्टी समोरासमोर काढायला जीभ उचलत नाही. पुस्तकातल्या माणसांविषयी बोलता बोलता त्या सहज निघतात.

वाचनालयाची वर्गणी एका चहाच्या बैठकीपेक्षा जास्त नसते. या मोसमात एक नवे कपाट उघडा. रोज दहा पाने पुरेत. आणि तुमच्या घरात कोणत्या पुस्तकाने कोणती गोष्ट निघाली, ते आम्हांला अवश्य कळवा.