चावी कोणाकडे?

गेल्या दिवाळीत मेहकरला गेलो होतो. मावसभाऊ आणि त्याची सात-आठ मित्रमंडळी एकांकिका बसवतायत. तालीम कुठे? आमच्या गच्चीवर! साडेनऊला शेजारच्या काकूंनी खालून आवाज दिला, "नातू आत्ता झोपलाय रे!" झालं, तालीम खलास.

"दादा, नाटकाले पोरं भेटतात, जागा नाही भेटत," तो म्हणाला. पुण्याच्या परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर हेच डोक्यात.

बुलढाणा जिल्ह्यात कलावंत नाहीत असं कोण म्हणेल? याच मेहकरात वकिली करत ना. घ. देशपांड्यांनी कविता लिहिल्या, 'खूणगाठी'ला १९८६ साली साहित्य अकादमी मिळालं. २००४ साली 'बारोमास'साठी सदानंद देशमुखांना. पण दोघंही लेखक, हे लक्षात घ्या. लिहायला एक टेबल पुरतं, कवितेने शेजारचा नातू उठत नाही. नाटक, गाणं, शिल्प मात्र दोन खोल्यांच्या घरात मावत नाही.

मग लगेच मागणी येते, नाट्यगृह बांधा! मला हे फारसं पटत नाही. प्रयोग एका रात्रीचा असतो, तालीम दोन महिन्यांची. त्या दोन महिन्यांचं भाडं या पोरांनी कुठून आणायचं?

मुंबईत तर नाट्यगृहं होतीच. तरी १९७४ पासून प्रायोगिक नाटकवाल्यांनी काय धरलं? दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल! सुलभा आणि अरविंद देशपांड्यांचं 'आविष्कार' तिथे रुजलं, आणि अख्ख्या चळवळीला शाळेचंच नाव पडलं. पुढे ती जागा सुटली, तेव्हा 'आविष्कार' माहीमला गेलं तेही महापालिकेच्या शाळेतच.

शाळा तर आपल्याकडे गावोगाव आहेत. वर्ग आहेत, दिवे आहेत, आणि संध्याकाळी दाराला कुलूप. (आमच्या ऑफिसात रिकाम्या मीटिंग रूमचा एसी रात्री अकरापर्यंत चालू असतो, तो भाग वेगळा.) मुख्याध्यापक चावी देत नाहीत यात त्यांची चूक नाही हं. बाक मोडला, सकाळी वर्गात गुटख्याच्या पुड्या सापडल्या, तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. म्हणजे प्रश्न जागेचा नाहीच, जबाबदारी कोण घेणार याचा आहे.

म्हणून भावाला म्हटलं, शाळा व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज दे. आठवड्यातून तीन संध्याकाळी एक वर्ग, वहीत सह्या, जाताना झाडून घेणे. वर्षाचं लाइटबिल आणि मोडलेला बाक माझ्याकडे. काका-काकू मंडळींनाही भजनाला तोच वर्ग वापरू द्या म्हणजे गावात कुरबुर नको.

अर्ज मीच टाइप करतोय. सध्या 'विषय' या ओळीवर अडलोय. 'सांस्कृतिक कार्यक्रम' लिहिलं की लोकांना वाटतं डीजे लावणार!