पालवणकर बाळूंची षटके कोणी मोजली?

अतिसरावाने खांदे निकामी होऊ नयेत म्हणून आज गोलंदाजांचा एकेक चेंडू मोजला जातो. पालवणकर बाळूंना ही सोय नव्हती. १८९० च्या दशकात पुण्यातील युरोपीय क्लबाच्या नेट्समध्ये हे डावखुरे फिरकीपटू कॅप्टन ग्रेग यांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला जवळजवळ येतच नसे. कौतुकाने लिहिणारे यालाच ‘तपश्चर्या’ म्हणतात. हा शब्द फसवा आहे. तपस्वी मनात आले की उठू शकतो, क्लबाचा पगारी नोकर नाही. ती मजुरीच होती, आणि चर्मकार कुटुंबातील तरुणाने केलेली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, पस्तिशीत, त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याचे श्रेय ग्रेगच्या नेट्सना देणे हा तर निव्वळ अन्याय. हिंदू संघाचे अधिकृत कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही.